एकोणिसावी पेटी

नोव्हेंबरच्या शेवटी व्हार्डोचा सूर्य
रजेचा अर्जसुद्धा न देता निघून जातो.
मग दुपार म्हणजे तासभर
निळी शाई शोषलेला टीपकागद.
बाकी सगळी रात्रच.

त्याच आठवड्यात मी रिकाम्या काडेपेट्या जमवल्या.
बोटीवरच्या लोकांकडून, बंदराच्या कॅन्टीनमधून,
दोन तर मी स्वतःच काड्या उगाच पेटवून रिकाम्या केल्या.
चोवीस हव्या होत्या.
या घरात मी मार्चपासून राहतो.
गुनवोरच्या मुलांनी मला अजून नाव दिलेलं नाही,
नुसतं "ऐक ना" म्हणतात,
तेही मीठ हवं असलं तर.

मैद्याची खळ शिजवली, ती बुडाला लागली.
आयलर्ट म्हणाला, आई कधी लागू देत नाही.
आई हॉस्पिटलात रात्रपाळीला.
पेट्यांना लावायला चांगला कागद नव्हता
म्हणून जुना सागरी नकाशा कापला,
तर त्याच्यावर आधीच आकडे, पाण्याच्या खोलीचे.
आयलर्टनं लाल पेनानं तारखा घातल्या.
सात तारखेखाली एकशे चाळीस मीटर पाणी.
बारा तारीख थेट खडकावर.
रग्नानं अकराची पेटी उलटी चिकटवली,
अकरा म्हणजे दोन उभ्या काठ्या, कुणाला कळलंच नाही,
शेवटी तिलाच सांगावं लागलं,
आणि मग ती इतकी हसली
की पुढच्या दाताची नवी फट दिसली.
दात कुठाय, विचारलं, तर म्हणाली, गिळला.

प्रत्येक पेटीत काहीतरी गोड भरून
मी माळ खिडकीत बांधली.
विषम आयलर्टच्या, सम रग्नाच्या. वाद नको.

दोन तारखेला पहाटे चारला मासळी उतरवून आलो
तर खिडकीपाशी बॅटरीचा उजेड,
स्टुलावर रग्ना, गाल फुगलेले,
झग्याच्या ओच्यात काय काय.
मी बूट हातात घेतले
आणि परत बाहेर जाऊन
वाऱ्यात दहा मिनिटं उभा राहिलो.

तीन तारखेला आयलर्टला बटण निघालं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. बटण?
म्हटलं, हो. बटण.
पाचला बसचं तिकीट, वापरलेलं.
सातला कॉड माशाचं खवलं, वाळून काचेसारखं झालेलं.
ती तिच्या पेट्या उघडून दर वेळी
स्वतःच ठेवलेला दोरा, शिंपला, पेन्सिलीचं टोक बघून
अगं बाई, असं तोंड करायची.
आयलर्ट रोज थोडा थोडा माझ्यावर रागावत गेला.
मी रोज थोडा थोडा ते ऐकून घेतलं.
गुनवोरनं एकदा पायरीवर गाठून विचारलं, हे काय चाललंय?
म्हटलं, या वर्षी स्वस्ताई.

एकोणीस तारखेला पेटीत दात होता.
तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा,
मुळाशी तपकिरी ठिपका.
आयलर्ट बराच वेळ गप्प.
मग बहिणीला म्हणाला, तोंड उघड.
दिव्याखाली नेऊन तिचे दात मोजले,
बोटानं, एकेक, डॉक्टरसारखे.
दुधाचे वीस असतात, त्याला शाळेत शिकवलं होतं.
एकोणीस भरले.
"म्हणून एकोणीसमध्ये ठेवला," रग्ना म्हणाली,
इतकं सोपं कसं कळत नाही, अशा आवाजात.

त्यानं पेटी हलकेच मिटली.
रागवायचं कुणावर, हे त्याला नव्यानं ठरवायचं होतं
आणि ते त्याला जमेना.
बटण, तिकीट, खवलं
त्यानं टाकलं नव्हतं, सगळं त्याच्या खिशातच होतं.
खिडकीबाहेर बर्फ साफ करणारी गाडी
पिवळा दिवा फिरवत गेली.
"ओडवार," तो म्हणाला,
(मी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी नव्हतं)
"उद्याची तू उघड."
रग्ना म्हणाली, उद्याची माझी आहे!
मग विचार करून म्हणाली, बरं, उघड.

वीसमध्ये
मार्झिपानचं एवढुसं डुक्कर होतं, अर्धं खाल्लेलं.
चावल्याच्या खुणा अगदी नीट उठल्या होत्या.
मधेच एक जागा
जिथे काहीच चावलं गेलं नव्हतं.